पी-सिक्स्टी-थ्रीला सुतक लागतं का?

“गाठीले सुरी लागली का ते पसरते, म्याडम. हे मले कोनी शिकवू नोका.”

लाखांदूरच्या दवाखान्यात माझ्या टेबलासमोर श्रावणजी उभे होते. खुर्ची दिली होती, पण बसायला तयार नव्हते. त्यांच्या मागे त्यांची सून मंगला, तिच्या कडेवर स्वरा. मंगलाचा नवरा राजेश दाराला टेकून मोबाइलकडे बघत होता. सगळा घोळ त्या मोबाइलनंच घातला होता आणि ते त्यालाही कळत होतं.

“अहो आबाजी, पण गाठ आहे कुठं? ऑपरेशन हाताचं आहे,” मी म्हटलं.

“रिपोर्टात लिवलं आहे. ट्यूमर. ट्यूमर म्हंजे गाठ, गाठ म्हंजे क्यान्सर. आता तुमीच सांगा, खोटं आहे का?”

खोटं नव्हतं, हीच अडचण होती. रिपोर्टात ट्यूमर हा शब्द होता, आणि पोरीला ट्यूमर नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

मी जेनेटिक काउन्सेलर आहे. म्हणजे घराण्यातून उतरणाऱ्या आजारांच्या तपासण्या कोणाला लागतात ते ठरवायचं, रिपोर्ट आला की तो घरच्यांना समजेल असा सांगायचा, आणि पुढच्या बाळंतपणात काय शक्यता आहे तेही सांगायचं. नागपूरच्या एका लॅबमध्ये माझी नोकरी आहे. भंडारा जिल्ह्यातल्या दवाखान्यांत मी फिरतीवर येते. माहेर पवनीचं असल्यामुळे ही फिरती मी मागून घेतली आहे. लोक मला कधी डॉक्टरीणबाई म्हणतात, कधी नर्स. एका म्हाताऱ्या बाईनं तर ‘रक्ताची कुंडली पाह्यनारी’ म्हटलं होतं. खरं सांगायचं तर तेच सगळ्यांत जवळचं आहे.

स्वरा दिघोरीची. तेव्हा पाच वर्षांची व्हायची होती. दोन्ही हात मधोमध फाटलेले, मधलं बोट नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एकाच कातडीत गुंडाळलेलं, डाव्याचा अंगठा नावापुरता, त्यात जोर नाही. केस विरळ, डोळ्यांतून सारखं पाणी. पोरं तिला खेकडी म्हणायची. ती पोरगी इतकी खट होती की पोरांच्या मागे दोन्ही हात पसरून खेकड्यासारखी तिरकी धावायची आणि पोरंच पळायची. पण हातात पेन्सिल धरता येत नव्हती. पेन्सिल, चमचा, फ्रॉकचं बटण, जे जे चिमटीत धरायचं असतं ते काहीच नाही. वस्तू दोन्ही मनगटांत दाबून उचलायची.

मंगलाचेही हात तसेच होते. पण तिचा अंगठा जन्मतःच सुटा होता, म्हणून तिचं भागत आलं. धानाच्या रोवणीत ती रांगेत कोणाच्या मागे पडत नसे, हे मला राजेशनं अभिमानानं सांगितलं होतं.

आई आणि लेक दोघींचे हात असे, म्हणून मी तपासणी पाठवली. रिपोर्टात जे यायचं तेच आलं. बिघाड टीपी-सिक्स्टी-थ्री नावाच्या जीनमध्ये. या जीनवरून जे प्रोटीन बनतं त्याला आम्ही पी-सिक्स्टी-थ्री म्हणतो. बाळ पोटात घडत असताना कातडी, ओठ, हातापायांची बोटं नीट बनवून घेणं हे त्याचं काम. त्यात बिघाड आला की हात असे घडतात. आईकडून मुलाकडे जायची शक्यता निम्मी असते.

मी मंगलाला हे सगळं सांगितलं होतं. तिला पटलंही होतं. हाताचे सर्जन कापगते सर भंडाऱ्याला शिबिराला येणार होते, त्यांनी स्वराचा अंगठा सोडवून फट शिवून द्यायचं कबूल केलं होतं. पोरगी शाळेत जायच्या आत हात चालू व्हायचा. सगळं जुळून आलं होतं.

मग राजेशनं रिपोर्टाचा फोटो काढला आणि मोबाइलला मराठी करायला सांगितलं.

मोबाइलनं केलं. टीपीचा अर्थ ‘ट्यूमर प्रोटीन’ असा आहे, तो त्यानं ‘गाठीचे प्रथिन’ असा लिहून दिला. खाली आणखी एक ओळ होती की हा जीन पी-फिफ्टी-थ्रीच्या फॅमिलीतला आहे. राजेशनं पी-फिफ्टी-थ्री शोधलं, तर पडद्यावर नुसता कॅन्सर कॅन्सर कॅन्सर. फॅमिली म्हणजे आपलीच फॅमिली, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी अख्ख्या दिघोरीला माहीत की श्रावणजीच्या नातीला खानदानी कॅन्सर आहे आणि तो सुनेनं माहेराहून आणला.

म्हणून ही मंडळी माझ्यासमोर होती. मंगला पोरीच्या डोळ्यांतलं पाणी पदरानं टिपत होती आणि मधूनच स्वतःचे डोळे टिपत होती.

माझा स्वभाव तापट आहे. मोबाइल हिसकावून खिडकीबाहेर फेकावा असं वाटलं. पण पगार समजावून सांगण्याचा मिळतो, म्हणून समजवायला लागले.

“आबाजी, हे दोघं भाऊ आहेत असं समजा,” मी म्हटलं. “पी-फिफ्टी-थ्री आणि पी-सिक्स्टी-थ्री. तोंडवळा एक, आडनाव एक. फिफ्टी-थ्री पहिले सापडला. तो शरीराचा राखणदार आहे. पेशी बिघडली तर तिला वाढू देत नाही, नाहीच ऐकलं तर मारून टाकते. क्यान्सरच्या पेशी तपासता तपासता तो सापडला, म्हून त्याच्या नावात ट्यूमर आला. सिक्स्टी-थ्री मागून सापडला. भावावानी दिसते म्हून त्यालेही तेच नाव देऊन टाकलं. काम मात्र त्याचं वेगळं. तो कातडी करते, बोटं करते.”

दिघोरीच्या माणसांशी बोलताना माझी पवनी आपोआप बाहेर येते.

“भाऊ आहेत,” श्रावणजी म्हणाले.

“भाऊ आहेत, पन वेगळे निघालेले. चूल वेगळी, धुरा वेगळा, बांधी वेगळी. याचं त्याले काही नाही.”

धुरा म्हणजे शेताचा बांध, बांधी म्हणजे धानाचं खाचर. मी स्वतःवर खूश झाले. वेगळे निघालेले भाऊ आमच्या भागात कोणाला समजवायला लागत नाहीत. प्रत्येक घरात एक तरी जोडी असते.

श्रावणजींनी जरा विचार केला. मग म्हणाले, “म्याडम, चूल वेगळी असली तरी सुतक लागते ना?”

मी राजेशकडे पाहिलं.

“माझा भाऊ माझ्याशी बोलत नाही, किती वर्स झाले असन,” ते पुढे म्हणाले. “त्याच्या बांधीतलं पानी मी घेत नाही, माझ्या घरचा चहा तो घेत नाही. पन त्याच्या घरी मयत झाली का मी दहा दिवस देवाले हात लावत नाही. वेगळे निघाले म्हून सुतक सुटते का? मंग? एकाच्या घरचं दुसऱ्याले लागतेच ना?”

दारातून राजेश म्हणाला, “बाबा बरोबर म्हनून राहिले, म्याडम.”

बरोबरच म्हणत होते. उदाहरण माझं, गाव त्यांचं. भाऊ म्हटलं की नुसता तोंडवळा येत नाही, सगळं भाऊबंदकीचं बोचकं येतं, सुतकासकट.

“आनखी एक इचारतो,” श्रावणजी म्हणाले. आवाज खाली आला होता. “इची आजी, म्हंजे माझी बायको, क्यान्सरनं गेली. छातीचा. म्हंजे आमच्याकडून क्यान्सर आला, अन् माहेरकडून हे गाठीचं. दोन्ही एका लेकराच्या अंगात. हे दोघं भाऊ आत एक झाले तं? एक बिघडलेला भाऊ दुसऱ्याले बिघडवत नाही का?”

हा प्रश्न ऐकून मी वही मिटली. तो अडाण्याचा प्रश्न नव्हता. या दोन जीनचं आपसात काय चालतं, एक बिघडला तर दुसऱ्यावर काय होतं, यावर मोठमोठ्या लॅबमध्ये माणसं काम करतात. ‘काळजी करू नका’ हे उत्तर त्याला चाललं नसतं.

“आबाजी, याचं उत्तर मी नीट इचारून देते. तोवर शिबिराला नाही म्हनू नोका.”

“मी नाहीच म्हनलो आहे,” ते म्हणाले. दिघोरीची एसटी लागली होती. मंगला निघाली. जाताना स्वरानं माझ्या टेबलावरचा पेपरवेट दोन्ही मनगटांत धरून उचलला, मला दाखवला आणि परत ठेवला.

संध्याकाळी कापगते सरांचा फोन आला.

“तुमची स्प्लिट हँडची मुलगी येते आहे का नाही? माझी लिस्ट फुल आहे. नसेल तर दुसरं मूल घेतो.”

“सर, आजोबा नाही म्हणतायत.”

“सही आजोबांची लागतच नाही. आई-वडिलांची लागते. आई तयार आहे ना?”

“आई तयार आहे. पण आजोबांना डावलून ती येणार नाही. घरात आधीच तिच्यावर नाव आलंय.”

“मॅडम, मी हात शिवतो. घरं तुम्ही शिवा,” सर म्हणाले. “लिस्ट फायनल व्हायच्या आत सांगा. पुढचं शिबिर कधी होईल मला माहीत नाही. आणि ही सर्जरी उशिरा केली तर मेंदूला त्या अंगठ्याची सवय व्हायला त्रास होतो, तेही सांगा त्यांना.”

मी मंगलाला फोन लावला. ती हळू बोलत होती, म्हणजे घरात कोणी तरी जवळ होतं. सासऱ्यांना ती मामाजी म्हणते.

“म्याडम, मामाजी वाईट नाहीत हो. सासूबाईच्या आपरेशनाले सही त्यायनंच केली होती. त्याच्यानंतर त्या जास्त दिवस नाही राह्यल्या. तवापासून ते म्हनते का मीच मारलो तिले. आता पुन्हा सुरीले हो म्हनायचं म्हंजे... त्यायच्या जिवावर येते.”

आता कुठे मला गाठ सापडली. कोणाच्या रिपोर्टात नव्हती ती.

लगेच आमच्या लॅबचे हेड जोशी सर यांना फोन केला. ते मॉलिक्युलर बायोलॉजीतले मोठे माणूस. त्यांना साधा प्रश्न आवडत नाही, म्हणून मी अवघड करून विचारला.

“सर, टीपी-सिक्स्टी-थ्रीचं हे म्यूटेशन असलेल्या मुलीत पी-फिफ्टी-थ्रीच्या फंक्शनवर परिणाम होतो का?”

“टेट्रामर आठवा,” सर म्हणाले. “दोन्ही प्रोटीन्स चार-चारच्या जोडणीत काम करतात. फोर सबयुनिट्स. सिक्स्टी-थ्रीची म्यूटंट सबयुनिट सिक्स्टी-थ्रीच्याच टेट्रामरमध्ये शिरते आणि तो नासवते. म्हणून एकच कॉपी खराब असूनही आजार दिसतो. पण फिफ्टी-थ्रीचा टेट्रामर सिक्स्टी-थ्रीला घेत नाही. जोडणीचा भागच, म्हणजे डोमेनच, जुळत नाही. सेव्हन्टी-थ्री म्हणून तिसरा आहे, तो घेतो.”

“म्हणजे सिक्स्टी-थ्री बिघडल्यानं फिफ्टी-थ्री बिघडत नाही. हो का नाही?”

“तसं सरसकट...”

“सर, मला दिघोरीच्या छपरीत बसून सांगायचंय. हो का नाही?”

सर हसले. “बिघडत नाही. उलट बाजूनं मात्र होतं. ट्यूमरमध्ये फिफ्टी-थ्री बिघडून वेडावाकडा झाला की तो कधी कधी सिक्स्टी-थ्रीला अडकवून ठेवतो. पण ते ट्यूमर झाल्यानंतरचं. तुमच्या मुलीत फिफ्टी-थ्री शाबूत आहे, तपासणीत तोही पाहिला आहे. अशा पेशंट्समध्ये कॅन्सर इतरांपेक्षा जास्त दिसत नाही. शून्य आहे असं सांगू नका. शून्य कोणाचाच नसतो.”

“आणि एक सांगा सर. आपल्या रिपोर्टात हे ट्यूमर प्रोटीन असं नुसतं का लिहितो आपण?”

“अहो, जीनचं ऑफिशियल नावच ते आहे.”

“लोक ऑफिशियल नाव वाचत नाहीत सर. मोबाइलवर बघतात.”

“बघू,” सर म्हणाले. हेडनं ‘बघू’ म्हटलं की काय समजायचं ते नोकरी करणाऱ्यांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी लाखांदूरहून एसटीनं दिघोरीला गेले. धान कापून झालं होतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. श्रावणजींचं घर तलावाच्या बाजूला. मला बघून ते चपापले. दवाखान्यातली बाई घरी येते म्हणजे काही तरी वाईटच असतं, असा अनुभव असावा. पण पाहुणा तो पाहुणा. छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाट टाकली, मंगलानं चहा ठेवला. शेजारच्या दोन बायका आपलं काही विसरल्यासारख्या येऊन उभ्या राहिल्या. राजेश शेतावरून धावत आला.

“आबाजी, तुमचा प्रश्न इचारून आली,” मी म्हटलं. “भाऊ आहेत हे माझं म्हननं मी परत घेते. भाऊ म्हनलं का सुतक येते.”

“मंग कोन आहेत?”

मी खाटेवर बसले होते. जोशी सरांचे चार सबयुनिट मला तिथं बसल्या बसल्या सापडले. घरून मी काही ठरवून गेले नव्हते.

“ही खाट घ्या. चार पाय असल्याशिवाय खाट होत नाही. तसं हे पी-सिक्स्टी-थ्री एकटं काहीच करत नाही. चार मिळून एक खाट होते, मंग ती कामाची. आता स्वराच्या अंगात पाय बनवनारे दोन सुतार आहेत. एक राजेशकडून आलेला, तो सरळ पाय बनवते. एक मंगलाकडून आलेला, तो वाकडे बनवते. दोघायचे पाय एकाच ढिगात पडते. ढिगातून कोनतेही चार उचला, एखादा तरी वाकडा येतेच. खाट डुगडुगते. म्हून बोटं नीट घडली नाहीत. समजलं?”

“हे समजलं,” श्रावणजी म्हणाले. “म्हंजे अर्धा माल चांगला असून बी खाट खराब.”

“आता तो दुसरा. पी-फिफ्टी-थ्री, राखनदार. त्याचीही चार पायाचीच खाट. तुमची भीती अशी का इकडचा वाकडा पाय तिकडच्या खाटेले जाऊन लागन.”

“होय.”

“बसतच नाही. त्या खाटेचं भोक वेगळं आहे.”

श्रावणजी उठले. आत गेले आणि दुसऱ्या खाटेची एक बाजू धरून ओढत बाहेर आले. ती बाजारातून घेतलेली होती, रंगवलेली. मी बसले होते ती त्यांनी स्वतः घडवलेली.

“उठा म्याडम.”

मी उठले. त्यांनी आपली खाट उलटी केली, हातोडीनं ठोकून एक पाय मोकळा केला. मग बाजारच्या खाटेचा पाय ठोकून काढला. राजेश म्हणत होता, “बाबा, हे काय करून राहिले?” पण म्हातारा ऐकेना. इकडचा पाय तिकडे लावून पाहिला. इकडचं भोक चौकोनी आणि मोठं, तिकडचं अरुंद. पाय आत जाईना. त्यांनी हातोडी मारली. तरी जाईना. दुसऱ्या बाजूनं फिरवून मारली. शेजारच्या बायका आता पुढे सरकल्या होत्या.

“नाही जात,” एकजण म्हणाली.

“चूप राय,” श्रावणजी म्हणाले आणि आणखी एकदा मारली. नाही गेला.

मग त्यांनी तो पाय मांडीवर घेतला आणि जमिनीवर बसले. पायाचं टोक बोटानं मापलं.

“म्हंजे इच्या हाताची खराबी इच्या राखनदारापाशी जात नाही,” शेवटी म्हणाले.

“जात नाही. अशा हातापायाचे लोक डॉक्टरायनं खूप पाहिले आहेत. त्यायले क्यान्सर दुसऱ्यापेक्षा जास्त होत नाही. कधीच होनार नाही असं मी म्हनत नाही. ते मी माझंही सांगू शकत नाही, तुमचंही नाही.”

“अन् इची आजी?”

 मंगला चहाची कपबशी धरून दारातच थांबली.

“आजीच्या रोगाचा अन् इले आईकडून आलेल्या जीनचा काही संबंध नाही, आबाजी. इचा राखनदार शाबूत आहे. अन् एक सांगू? आजीले दवाखान्यात नेलं तवा रोग कुठवर गेला होता?”

“काखेत गाठी आल्या होत्या. दम लागत होता.”

“म्हंजे सुरी लागायच्या पहिलेच तो पसरला होता. सुरीनं नाही पसरवला. डॉक्टरायनं उशीर झाला असं म्हनलं असन.”

“म्हनलं होतं.”

“तुमी सही नसती केली तरी तो थांबनार नव्हता. तुमी सही केली ती तिले वाचवासाठी केली. तिले तुमी नाही मारलं.”

श्रावणजी हातातल्या खाटेच्या पायावर अंगठा फिरवत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी पडत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला खुनी समजून जगला होता, हे माझ्या मनात आलं. काउन्सेलरनं पेशंटसमोर रडू नये असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवतात. मी शिकवणी बाजूला ठेवली.

तेवढ्यात स्वरा आली आणि तिनं त्यांच्या मांडीवरचा पाय मनगटांत दाबून उचलायचा प्रयत्न केला. जड होता. निसटला.

“आबाजी, मले धरता नाही येत,” ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, माहिती म्हणून.

त्यांनी तिला जवळ ओढलं. मग सुनेकडे पाहिलं.

“मंगला.”

“जी, मामाजी.”

“आपरेशन करून टाका. मी येतो भंडाऱ्याले संगं.” आणि पुढे म्हणाले, “अन् गावात जे कोनी म्हनते का तुनं माहेराहून क्यान्सर आनला, त्याले माह्याकडं पाठव. खाट दाखवतो.”

शेजारच्या दोघी बायकांना एकाएकी आपापल्या घरची कामं आठवली.

मंगलानं कपबशी खाली ठेवली आणि सासऱ्याच्या पायाला हात लावला. मग हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मला बसायला जागाच उरली नव्हती. दोन्ही खाटा मोडून पडल्या होत्या. मी उभ्या उभ्याच चहा प्याले, आणि दिघोरीत त्याआधी किंवा त्यानंतर इतका गोड चहा मला मिळालेला नाही.

गावाच्या स्टँडवरून कापगते सरांना फोन केला. “सर, लिस्टमधलं नाव पक्कं.”

“आजोबा?”

“ते स्वतः घेऊन येतायत.”

“काय केलं हो तुम्ही?”

“खाट मोडली,” मी म्हटलं. त्यांना वाटलं फोन नीट ऐकू येत नाही.

शिबिरात सरांनी स्वराच्या उजव्या हाताचा अंगठा मोकळा केला आणि तळव्याची फट शिवली. कातडी जुळवायला मांडीची थोडी घेतली. श्रावणजी बाहेर बाकड्यावर ताठ बसून होते. सही राजेशनं आणि मंगलानं केली, पण आधी कागद श्रावणजींसमोर धरला. त्यांनी बघितल्यासारखं केलं आणि मान हलवली. ऑपरेशन चाललं तेवढा वेळ ते शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांना पी-सिक्स्टी-थ्रीची खाट समजावून सांगत होते. त्या पेशंटला हर्निया होता. सर बाहेर आले, मास्क खाली केला आणि म्हणाले, “झालं. छान झालं.” तेव्हा म्हातारा उठला आणि सरांना मिठीच मारली. सर नागपूरचे, त्यांना मिठीची सवय नाही. पण तेही हसले.

माझीही एक लढाई जिंकून झाली. मी जोशी सरांच्या मागे लागले आणि लागूनच राहिले. त्यांच्या केबिनमध्ये दिघोरीचा किस्सा इतक्या वेळा सांगितला की शेवटी वैतागून ते म्हणाले, “लिहा तुमची ती ओळ.” आता आमच्या लॅबमधून टीपी-सिक्स्टी-थ्रीचा रिपोर्ट जातो तेव्हा खाली मराठीत आणि हिंदीत छापलेलं असतं की या जीनच्या नावात ट्यूमर हा शब्द असला तरी या रिपोर्टाचा अर्थ कॅन्सर असा नाही. सर ती ओळ आता बाहेरच्या मीटिंगमध्ये स्वतःची कल्पना म्हणून सांगतात. सांगोत बापडे.

पुढच्या फिरतीला स्वरा लाखांदूरला तपासणीला आली. पट्टी निघाली होती, व्यायाम चालू होता. कापगते सरांनी मला सांगून ठेवलं होतं की पिंच तपासा, म्हणजे अंगठा आणि बोट जुळवून तिला किती जोरात धरता येतं ते पाहा. मी तिच्यासमोर पेन्सिल धरली. तिनं पेन्सिलीकडे बघितलंही नाही. शेजारी बसलेल्या आजोबांचा दंड शोधला, नवा अंगठा आणि बोट लावलं, आणि असा चिमटा काढला की श्रावणजी खुर्चीतून उडाले.

“अगे बाप्पा!”

बाहेर लाइनीत बसलेले लोक डोकावले. स्वरा पोट धरून हसत होती. म्हाताऱ्यानं दंड चोळला, लाल झालेली जागा मला दाखवली, मंगलाला दाखवली, दारातल्या अनोळखी माणसांनाही दाखवली. मग दुसरी बाही वर केली आणि दंड तिच्यापुढे धरला.

“घे. आनखी एक घे.”

मी फाइलमध्ये लिहिलं: पिंच चांगला. मापायला यंत्र असतं, ते आमच्याकडे नाही. पण आजोबा ओरडले, तेवढं पुरे. आणि माझ्यापुरता एक नियम मी तेव्हापासून पाळते. आमच्या भागात जीनचं नातं सांगायचं असलं तर भाऊ म्हणू नये. म्हणायचंच असलं तर सुतकाचं उत्तर तयार ठेवून मगच घरातून निघावं.